हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर आणि न परवडणारी औषधं: शेत विकावं का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे, परभणी जिल्ह्यात शेती. लघवी अडते म्हणून तपासलं तर पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराची रक्ततपासणी) ३८० निघाला. बायोप्सीत ग्लिसन ४+५ (म्हणजे आक्रमक जातीचा कॅन्सर), बोन स्कॅनमध्ये मणके, खुबा, बरगड्या. दोन महिन्यांपूर्वी तीन महिने चालणारं हार्मोनचं इंजेक्शन दिलं. पुण्याच्या डॉक्टरांनी नवी गोळी आणि केमो दोन्ही सुचवलं, पुढे ल्युटेशियम (किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन) लागू शकेल असंही म्हणाले. गावाजवळ यातलं काही मिळत नाही. चार एकरांपैकी दोन एकर विकायला काढलेत. विकावेत का?

विकू नका. निदान आत्ता तरी नाही, आणि ल्युटेशियमसाठी तर मुळीच नाही. कारणं सविस्तर सांगतो. जालना, हिंगोली, बीडकडून आलेली मुलं हाच प्रश्न ओपीडीत विचारतात आणि बाहेर पन्नास माणसं ताटकळत असताना त्याचं धड उत्तर देता येत नाही.

हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर मुळासकट जात नाही. पण पसरलेल्या इतर बऱ्याच कॅन्सरपेक्षा तो जास्त काळ काबूत राहतो. उपचारांनी जे आयुष्य वाढतं त्याचा मोठा वाटा पहिल्या सहा-आठ महिन्यांत काय केलं यावर ठरतो. पुढच्या टप्प्यावरची औषधं जितकी महाग तितकी जास्त उपयोगी, असं अजिबात नाही. म्हणून पैसा थोडा असेल तर तो आधी लावायचा. घरोघरी नेमकं उलटं होतं. सुरुवातीला नुसत्या इंजेक्शनवर भागवतात, माणूस बरा दिसतो, कामाला लागतो. दोन वर्षांनी आजार उसळला की मग दागिने निघतात, जमीन निघते. तोवर त्या पैशांत मिळणारं आयुष्य महिन्यांत मोजायचं असतं.

पहिलं काम टेस्टोस्टेरोन बंद करण्याचं. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. हार्मोन बंद करायचे दोन रस्ते: दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर दोन्ही वृषणं काढण्याचं छोटं ऑपरेशन. आयुष्य किती वाढतं या हिशेबात दोन्ही सारखेच. ऑपरेशनने टेस्टोस्टेरोन काही तासांत तळाला जातं, इंजेक्शनला दोन-तीन आठवडे लागतात. ल्युप्रोलाइडच्या जातीच्या इंजेक्शनने तर आधी काही दिवस हार्मोन उलट वाढतं. म्हणून मणक्यात आजार असेल तर हार्मोनचा परिणाम अडवणारी बायकॅल्युटामाइडची गोळी आधी सुरू करून सुरुवातीचे काही आठवडे द्यावी लागते. तुमच्या वडिलांचा तो काळ निभावून गेला आहे.

इंजेक्शनचा खरा धोका तारीख चुकण्यात आहे. सोयाबीनची काढणी चालू होती, पाऊस होता, पैसे नव्हते, डॉक्टर सुट्टीवर होते, दुकानात माल नव्हता. तीन महिन्यांचं इंजेक्शन साडेचार महिन्यांनी दिलं जातं, मधल्या काळात हार्मोन परत वर येतं आणि आजाराला खाद्य मिळतं. ज्याचं हॉस्पिटल घरापासून शंभर किलोमीटरवर आहे आणि ज्याला दर वेळी पैशांची जुळवाजुळव करावी लागते, त्याला मी सरळ ऑपरेशनच सुचवतो. कमरेत भूल देऊन, कधी नुसती जागेवर भूल देऊन होतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. कुठलाही युरोलॉजिस्ट करतो, बहुतेक जनरल सर्जनही करतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जवळपास फुकट होतं.

अडचण पैशांची नसते. एका आजोबांनी मला तोंडावर विचारलं, "म्हंजे बैलासारखं खच्ची करणार का मला?" खोलीत सून होती, ती बाहेर गेली. मी म्हटलं, इंजेक्शन घेतलं तरी तेच होतंय, फक्त बाहेरून दिसत नाही आणि दर तीन महिन्यांनी पैसे जातात. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग बायकोला आत बोलवायला सांगितलं. हा निर्णय मुलाने वडिलांच्या माघारी घ्यायचा नाही, आणि डॉक्टरनेही नाही. वरची पिशवी तशीच ठेवून फक्त आतला गर काढता येतो, त्यामुळे हाताला अगदीच रिकामं लागत नाही. हे सांगितल्यावर बरेच जण तयार होतात. आणि ज्याला नकोच आहे त्याला इंजेक्शनच द्यावं, त्यात कमीपणा काही नाही. मग मात्र पुढची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवायची. तुमचं पुढचं इंजेक्शन महिन्याभरात येतंय. ऑपरेशन करायचं ठरलं तर त्या तारखेच्या आत करा, म्हणजे तो खर्च तिथेच थांबेल.

आता दुसरं पाऊल, आणि माझ्या मते तुमचा पैसा इथेच लागला पाहिजे. नुसतं हार्मोन बंद करून भागवायचा काळ दहा वर्षांपूर्वीच संपला. २०१५ च्या चार्टेड अभ्यासात जास्त पसरलेल्या आजारात हार्मोनच्या उपचाराबरोबर डॉसिटॅक्सेल केमोचे सहा डोस दिले तेव्हा आयुष्याचा मध्य (म्हणजे निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो) सुमारे सतरा महिन्यांनी पुढे सरकला. लॅटिट्यूड अभ्यासात ॲबिरॅटेरोन या हार्मोन आणखी दाबणाऱ्या गोळीनेही जवळपास तेवढाच, ३६.५ वरून ५३.३ महिने. दोन्ही औषधांची आता भारतीय कंपन्यांची जेनेरिक मिळतात. ॲबिरॅटेरोन २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणजे ज्याला 'ॲडव्हान्स्ड ट्रीटमेंट' म्हणतात त्यातला सर्वांत मोलाचा भाग तुमच्या आवाक्याबाहेर नाही. फक्त तो ज्या नावाने आणि ज्या किमतीला तुमच्यासमोर आला, ते आवाक्याबाहेरचं आहे.

पुण्याच्या चिठ्ठीवरची 'नवी गोळी' कोणती ते बघा. डॅरोल्युटामाइड असेल तर औषध चांगलं आहे, केमोबरोबर देण्याला आधारही पक्का आहे. पण पीस-१ नावाच्या फ्रेंच पुढाकाराच्या अभ्यासात केमोबरोबर ॲबिरॅटेरोन देऊनही जास्त पसरलेल्या रुग्णांत आयुष्याचा मध्य साडेतीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेला. डॉक्टरांना सरळ विचारा: "याऐवजी जेनेरिक ॲबिरॅटेरोन चालेल का? आमची ऐपत इतकीच आहे." ऐपत न सांगणारा रुग्ण तीन महिन्यांनी गायब होतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं, आधी सांगितली तर चिठ्ठी वेगळी लिहिता येते.

दोन्ही झेपत नसतील तर? केमो सहा डोसांत संपतं, अठरा आठवड्यांत. खर्चाचा आकडा आधी कळतो आणि तो योजनेत बसवणं तुलनेने सोपं असतं. गोळी आजार हाताबाहेर जाईपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे दोन, तीन, कधी चार वर्षं. वडील स्वतःचं सगळं स्वतः करत असतील, शेतात एक चक्कर मारत असतील, हृदय-किडनी ठीक असेल तर माझा कल केमो आधी उरकण्याकडे असतो आणि जमेल तशी गोळी जोडण्याकडे. अंथरुणाला खिळलेले असतील, मधुमेहाने पायांच्या नसा आधीच बधिर असतील, किंवा ताप आल्यावर दोन तासांत हॉस्पिटल गाठता येत नसेल, तर केमो नको, गोळी बरी. ही शेवटची अट लोक हसण्यावारी नेतात. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी पडतात. त्या काळात १०१ ताप म्हणजे पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच निघायचं. गाडी कोणाची, कोण चालवणार, कुठे न्यायचं, हे पहिल्या डोसाआधी ठरलेलं असावं.

ॲबिरॅटेरोनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे पैसे वाचतात आणि चुकाही इथेच होतात. नेहमीचा डोस १००० मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या चार गोळ्या, उपाशीपोटी: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज. हे औषध अन्नाबरोबर, विशेषतः तेलातुपाबरोबर, कित्येक पटींनी जास्त शोषलं जातं. याचाच उपयोग करून २०१८ मध्ये ७२ रुग्णांवरचा एक अभ्यास आला: एकच २५० ची गोळी कमी चरबीच्या न्याहारीबरोबर. पीएसए उतरण्यात तो डोस चार गोळ्यांपेक्षा कमी पडला नाही. आयुष्य किती वाढतं हे मोजण्याइतका तो अभ्यास मोठा नव्हता, हे खरं. पण ज्याला चार गोळ्या परवडतच नाहीत त्याच्यासाठी तुलना एक गोळी आणि शून्य गोळी यांच्यात आहे. खर्च चौथाई होतो. देशात बरेच कॅन्सरतज्ज्ञ असा डोस देतात, मीही देतो. न्याहारी कशी? दोन इडल्या आणि पातळ सांबार, किंवा अर्धी ज्वारीची भाकरी आणि वरण; वर तेल नाही, शेंगदाण्याची चटणी नाही, तूप नाही. रोज साधारण सारखीच.

हे स्वतःच्या मनाने करायचं नाही. एका घरात चारही गोळ्या मिसळ-पावाबरोबर चालल्या होत्या. रक्तदाब चढलेला, पोटॅशियम घसरलेलं. दुसरीकडे "स्टेरॉइड वाईट असतं" असं पाहुण्यांनी सांगितलं म्हणून प्रेडनिसोलोन बंद केलं आणि महिन्यात पाय सुजले. या गोळीचा आणि स्टेरॉइडचा जोड तोडता येत नाही. पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी रक्तदाब, पोटॅशियम आणि लिव्हरची तपासणी. ती गावाजवळच्या लॅबमध्ये करून रिपोर्ट मोबाइलवर पाठवला तर चालतो, त्यासाठी दर वेळी पुण्याला यायचं कारण नाही. शुगर असेल तर ती वाढणार, तिच्याकडेही बघावं लागतं.

औषध विकत घेतानाही हुशारी लागते. जेनेरिक कॅन्सर औषधांच्या पाकिटावर छापलेली किंमत आणि दुकानदाराला पडणारी किंमत यांत इतकं अंतर असतं की छापील किमतीच्या निम्म्याहूनही कमीत औषध मिळू शकतं. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने २०१९ मध्ये ४२ कॅन्सर औषधांवरचा नफा ३० टक्क्यांवर बांधला तो याच कारणाने. तीन ठिकाणी भाव विचारा: हॉस्पिटलचं दुकान, शहरातला कॅन्सर औषधांचा घाऊक विक्रेता, आणि सरकारी रुग्णालयातलं अमृत फार्मसीचं दुकान. मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशव्यापी गटातली रुग्णालयं एकत्र खरेदी करतात, तिथे भाव आणखी खाली असतो. मात्र बिल आणि बॅच नंबर घ्यायचाच. कुरिअरने बिनबिलाचं येणारं, "बांगलादेशची गोळी स्वस्तात" वगैरे भानगडीत पडू नका; आत काय आहे ते तपासायची सोय तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही.

तपासण्यांवर पैसा जातो तोही थांबवता येतो. या टप्प्यावर बोन स्कॅन आणि सीटी पुरतात. तुमचा बोन स्कॅन झाला आहे. आता पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी उजळवून दाखवणारा स्कॅन) केल्याने वडिलांचा उपचार बदलणार नाही. दर तीन महिन्यांनी पीएसए, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीसाठी), अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांसाठी) एवढं बघा. साधारण सातव्या महिन्यात पीएसए ०.२ च्या खाली गेला तर पुढची वाट चांगली आहे असं समजा. चारच्या वरच अडकला तर डॉक्टरांना लवकर लवकर भेटा. पीएसए पुन्हा चढू लागला तर आधी टेस्टोस्टेरोन मोजा. ते ५० नॅनोग्रॅम/डेसिलिटरच्या वर असेल तर औषध हरलेलं नाही, इंजेक्शन हुकलेलं आहे. आणि पीएसए थोडा सरकला, माणूस मजेत आहे, हाडं दुखत नाहीत, एवढ्यावर औषध बदलायची घाई करू नका. चालू गोळी लवकर टाकून देणं हीसुद्धा उधळपट्टीच.

हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड, हाडं बळकट ठेवणारं इंजेक्शन. हे महिन्याला द्यायची पद्धत होती. २०१७ च्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की बारा आठवड्यांनी दिलं तरी फ्रॅक्चर आणि तशा घटना वाढत नाहीत. म्हणजे वर्षाला बाराऐवजी चार फेऱ्या. त्याआधी दात दाखवून घ्या. किडलेला दात नंतर काढला तर जबड्याचं हाड उघडं पडतं आणि ते भरता भरत नाही. क्रिएटिनिन दर वेळी. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व रोज, ते तर शंभर-दोनशे रुपयांचं काम. एखादंच हाड फार दुखत असेल तर तिथे रेडिएशनचा एकच डोस, ८ ग्रे, एका दिवसात. पाच किंवा दहा दिवसांच्या रेडिएशनइतकाच दुखण्याला उतार पडतो. परत एकदा द्यावा लागण्याची शक्यता जास्त असते, एवढंच. त्यासाठी अद्ययावत मशीनच हवं असं नाही, कोबाल्टचं साधं मशीनही पुरतं. तुम्हाला कोणी खुब्याच्या दुखण्यासाठी दहा दिवस शहरात खोली घेऊन राहायला सांगितलं तर एकाच डोसात होईल का ते विचारा.

आता पुढच्या टप्प्याविषयी. हार्मोन तळाला असूनही आजार वाढू लागतो तो टप्पा. सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो इथे. ॲबिरॅटेरोन थकलं की एन्झाल्युटामाइड लिहिलं जातं. भारतीय पेटंट कार्यालयाने २०१६ मध्ये त्याचा पेटंट अर्ज नाकारला, त्यामुळे त्याचीही भारतीय जेनेरिक बाजारात आहेत, आणि पहिल्यांदा वापरलं तर औषध उत्तम आहे. पण एका गोळीला दाद देईनासा झालेला आजार बहुतेक वेळा दुसरीलाही देत नाही. २०१९ च्या कार्ड अभ्यासात डॉसिटॅक्सेल आणि एक गोळी होऊन गेलेल्या, त्या गोळीवर वर्षभराच्या आतच आजार वाढलेल्या रुग्णांना दुसरी गोळी दिली तर आजार ३.७ महिने थांबला, कॅबाझिटॅक्सेल केमो दिलं तर ८ महिने. आयुष्यही केमोवाल्यांचं जास्त. कॅबाझिटॅक्सेलही जेनेरिक मिळतं, आणि २० च्या कमी डोसात दिलं तरी चालतं. केमो झेपणार नसेल तर एक फार स्वस्त गोष्ट करून बघतो: ॲबिरॅटेरोन तेच ठेवून प्रेडनिसोलोनऐवजी डेक्सामेथासोन हे दुसरं स्टेरॉइड, अर्धा मिलिग्रॅम. छोट्या अभ्यासांचा आधार आहे, सगळ्यांना लागू पडत नाही, पण काहींना त्यावर आणखी काही महिने मिळतात. गोळी दोन रुपयांच्या आतली. कोणताही कंपनी प्रतिनिधी हे सांगायला येणार नाही.

घरात आत्या, बहीण, आई यांना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला होता का ते मात्र आठवून सांगा. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या साधारण दहा जणांत एकाला जन्मजात जनुकीय दोष सापडतो, बीआरसीए त्यातला मुख्य. तो सापडला तर ओलापॅरिब नावाची गोळी लागू पडते. ती महाग आहे, पण अशा आजारात कार्बोप्लॅटिनसारखं जुनं स्वस्त केमोही कित्येकदा काम करतं. आणि ही माहिती वडिलांपेक्षा तुमच्या बहिणींच्या जास्त उपयोगाची असते. तपासणीवर खर्च करायचाच असेल तर पेट स्कॅनपेक्षा मी हिच्यावर करीन.

आणि ल्युटेशियम. औषध खरं आहे, जादू नाही. २०२१ च्या व्हिजन अभ्यासात, बाकी उपचार होऊन गेलेल्या रुग्णांत आयुष्याचा मध्य ११.३ वरून १५.३ महिने झाला. दुखणं कमी होतं, काही जणांना फार छान गुण येतो. आपल्याकडे जमेची बाजू अशी की ल्युटेशियम-१७७ ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. त्यामुळे अमेरिकेतल्या तयार औषधाच्या मानाने इथला खर्च फारच कमी. त्यातही खासगी आणि सरकारी यांत मोठी तफावत आहे. परळला टाटाच्या ॲनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे; वेळ आली तर आधी तिथे चौकशी करा. पीएसएमए पेट स्कॅनची खरी गरज तेव्हा लागते: आजार त्या स्कॅनमध्ये ठळक उजळला तरच हा उपचार लागू पडतो. रक्तातल्या पेशी आणि किडनी जागेवर असाव्या लागतात, म्हणून सगळं संपल्यावर, हिमोग्लोबिन सहावर आल्यावर जाऊन उपयोग नसतो. पण हे सगळं तुमच्यापासून, सगळं सुरळीत गेलं तर, काही वर्षं लांब आहे. त्या दिवसासाठी आज शेत विकायचं कारण नाही.

पैशांची बाजू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि आता ते पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आहे. वडील सत्तरच्या पुढचे आहेत, त्यामुळे उत्पन्न काहीही असलं तरी त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. आधारकार्डावर वय बरोबर आहे ना ते आधी बघा, अर्ध्या फाइली तिथेच अडकतात. अंगीकृत, म्हणजे योजनेत असलेल्या, रुग्णालयात आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलावर जाऊन "कॅन्सरचं होतं का?" असं मोघम विचारू नका. डॉक्टरांकडून उपचाराचं नाव लिहून घ्या आणि त्या नावाचं पॅकेज आहे का ते विचारा. ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांची पॅकेजं सहसा निघतात; रोजच्या गोळ्यांचं रुग्णालयागणिक वेगळं उत्तर मिळतं, म्हणून दुसऱ्या रुग्णालयातही विचारायचं. अडलं तर १५५३८८ वर फोन. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात; वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, दाखल झाल्यावर धावपळ नको. मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक न्यास हेही मदत करतात. रक्कम छोटी असते, पण दोन केमो निघून जातात. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. डॉक्टरांकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो.

कुठे जायचं? सुरुवात एकदाच मोठ्या ठिकाणी करावी, बाकीचं जवळ. परभणीहून तुम्हाला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय सर्वांत सोयीचं. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालयही आहे, त्याचं टाटाशी जुनं नातं आहे. तिथे योजना पक्की करून घ्यायची, आणि मधल्या रक्ततपासण्या, रक्तदाब, झोलेड्रॉनिक ॲसिड हे परभणीतल्या फिजिशियनकडे. मुंबईला गेलात तर राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशी ठिकाणं आहेत. टाटाच्या समाजसेवा विभागाचं पत्र घेऊन जावं लागतं, जागा मिळायला थोडं थांबावंही लागतं. जाताना रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि काचा लॅबमधून सोडवून न्या, नाहीतर बायोप्सी परत.

दुखण्याबद्दल एक गोष्ट आताच माहीत असू द्या. तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे आणि ती शेवटच्या आठवड्यात द्यायची गोष्ट नाही. दुखणं कमी झालं की कमी करता येते, बंदही करता येते. ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यताप्राप्त संस्थेतच मिळते. कॅन्सर रुग्णालयांत असते, जिल्हा रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह (दुखणं-त्रास कमी करणाऱ्या) विभागात चौकशी करा. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. त्याऐवजी लोक महिनोन्महिने दुकानातून डायक्लोफिनॅक आणून खातात आणि किडनी घालवतात. किडनी गेली की झोलेड्रॉनिक ॲसिड गेलं, केमोचा डोस गेला, ल्युटेशियमही गेलं. कॅन्सर उतरवणाऱ्या भस्मांचंही तेच. मी ती खाऊन डायलिसिसवर आलेले लोक पाहिले आहेत.

लघवी पूर्ण अडली, पायांत अचानक जोर राहिना, बसल्या जागेवरून उठता येईना, कंबरेखाली बधिर वाटू लागलं, तर दुसऱ्या दिवशीची ओपीडी नाही. मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जू दाबला जातोय असं धरायचं आणि जिथे एमआरआय आणि रेडिएशन आहे तिथे त्याच रात्री पोचायचं. निघण्याआधी फोन करून डेक्सामेथासोनचं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यात देऊन घ्यायचं का ते विचारा. चालत आलेला माणूस बहुतेक वेळा चालत परत जातो. दोन-तीन दिवस पाय गेलेले असताना आणलेला सहसा उभा राहत नाही. हे वडिलांच्या खोलीत झोपणाऱ्याला, म्हणजे बहुधा तुमच्या आईंना, नीट समजावून सांगा.

येत्या पंधरवड्यात एवढं करा: टेस्टोस्टेरोन, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि शुगर तपासा, वडिलांशी ऑपरेशनबद्दल बोला, वय वंदना कार्ड काढा, आणि संभाजीनगरला जाऊन केमो कधी सुरू होईल ते ठरवा. केमोचा आधार ज्या अभ्यासांतून आलाय त्यांत तो हार्मोनचा उपचार सुरू झाल्यापासून तीन-चार महिन्यांच्या आत सुरू केला होता. तुमचे दोन गेले आहेत.